बल्गेरियाच्या राजाचे प्रश्न आणि माझे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या घरमालकिणीचे. त्यांना मी मावशी म्हणायचो. कोळीवाड्यात, मासळीबाजारात, चर्चच्या आवारातही सगळे त्यांना मावशीच म्हणत, त्यामुळे तेवढं म्हटलं की पत्ता लागायचा. ज्या सरांनी मला एम.ए.ला शिकवलं त्यांचे उपकार आहेतच, आईवडिलांचे तर आहेतच आहेत. पण मी आज वर्गात उभा राहून बोलतो आणि पोरं ऐकतात, हे मावशींमुळे. त्या स्वतः सातवी शिकल्या होत्या, मराठीतलं प्रार्थनेचं पुस्तक झरझर वाचायच्या, आणि इतिहास म्हणजे मेलेल्या लोकांच्या चहाड्या, असं त्यांचं ठाम मत होतं.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावात शाळेत शिपाई. शाळेची घंटा तेच वाजवायचे आणि मी त्याच शाळेत होतो, त्यामुळे मला एकदाही उशीर झाला नाही आणि एकदाही लवकर सुटता आलं नाही. एम.ए. झाल्यावर मामाच्या ओळखीनं मुंबईजवळ काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये डिलिव्हरी चलानं लिहायचं काम मिळालं. हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. काशीमीऱ्याला खोल्या मिळत होत्या, पण एकेका खोलीत सहा-सात जण आणि खिडकीखाली ट्रकांचे हॉर्न. तिथे पुस्तक उघडलं तरी पान पुढे जाईना. गोडाऊनमधला एक टेम्पोवाला म्हणाला, "उत्तनला आमच्या शेजारी खोली आहे. लांब पडेल, पण शांत आहे." म्हणून मी भाईंदर स्टेशनवरून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत बस जिथे समुद्रापाशी संपते तिथे राहायला गेलो. शांत काही नव्हतं. मावशी होत्या.

डिसेंबर संपता संपता भाईंदरच्याच एका कॉलेजातून माझ्या अर्जाला उत्तराचं पत्र आलं. इतिहासाच्या बाईंची जागा रिकामी होत होती. पुढच्या जूनपासून तासिका तत्त्वावर माणूस हवा होता आणि त्यासाठी जानेवारीतल्या एका सोमवारी वर्गासमोर डेमो लेक्चर द्यायचं होतं. विषय त्यांनीच दिला होता: मध्ययुगाच्या आरंभी स्लाव राजांनी केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार.

मी पत्र दोनदा वाचलं. माझा सगळा अभ्यास मराठ्यांच्या इतिहासाचा. गड, किल्ले, वतनं विचारा, झोपेत सांगेन. स्लाव म्हणजे कोण, हे मला शब्दकोशात बघावं लागलं. पण ही नोकरी मिळाली नाही तर पुढे काय, ते मला स्वच्छ दिसत होतं. मामानं आधीच सांगून ठेवलं होतं की गोडाऊनचा सुपरवायझर मे महिन्यात जातोय, त्या खुर्चीत बस आणि एम.ए.चं खूळ सोड. मी एकदा त्या खुर्चीत बसलो असतो तर उठलो नसतो. खुर्ची चांगली होती, फिरणारी होती.

वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. शब्दकोश मांडीवर घेऊन, दर ओळीला दोनदा थांबत, मी त्या राजांच्या मागे लागलो. त्यांची नावं मला आजही धड उच्चारता येत नाहीत, म्हणून इथेही नुसतं कीव्हचा राजा, पोलंडचा राजा असंच म्हणतो. आठ दिवसांत मी नोट्स काढल्या: राजकीय कारणं, आर्थिक कारणं, सामाजिक कारणं, सांस्कृतिक कारणं. प्रत्येकी चार मुद्दे. छान समास सोडून लिहिलं होतं.

संध्याकाळी मावशी पडवीत बसून मासे साफ करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, जरा ऐका. बरोबर वाटतंय का सांगा." आणि वाचायला लागलो.

त्यांनी चार मुद्दे ऐकले. पाचव्याला सुरी खाली ठेवली.

"थांब रं. ह्यो राजा हाय का वकील हाय?"

"राजाच आहे."

"मंग त्येची आई काय बोलली?"

"आई?"

"देव बदलला म्हंतोस. घरातले देव कोण सांभालतं? राजा? राजाला देवपाटावर कुठला देव कुठं हाय ते तरी म्हायत असंल का? आई नाय बोलली काय? बायको?"

मी पुस्तक उघडून शोधलं. आणि खरंच सापडलं! कीव्हच्या राजाची आजी त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झाली होती आणि तिच्या मुलानं, म्हणजे राजाच्या बापानं, तिचं ऐकलं नव्हतं. माझ्याबरोबरची माणसं हसतील, म्हणाला. पोलंडच्या राजानं बोहेमियाची राजकन्या केली, ती ख्रिस्ती होती, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तोही झाला. मी हे मोठ्यानं वाचलं तर मावशी विजयी मुद्रेनं बोंबील उचलून म्हणाल्या, "बग! मी बोलली न्हाय?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्यांना एकेक राजा सांगू लागलो. कीव्हच्या राजानं वेगवेगळ्या धर्मांकडे माणसं पाठवली, जा बघून या म्हणाला, ही गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "पोरगी बघाय गेलं जसे." त्याच राजानं आपल्या जुन्या लाकडी देवाला घोड्याच्या शेपटीला बांधून नदीत टाकायला लावलं आणि माणसं काठानं रडत गेली, हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांना ते पटलं नाही. मग म्हणाल्या, "असा न्हाय करायचा. निरोप तरी नीट द्यायचा."

पण सगळ्यांत बहार आली ती बल्गेरियाच्या राजामुळे. हा राजा आधी ग्रीकांकडून बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला होता. सरदार चिडले, बंड झालं, ते त्यानं मोडलं. आणि मग त्यानं रोमला पोपकडे प्रश्न पाठवले. एक-दोन नाही, शंभरावर. आम्ही तुमच्या धर्मात आलोय, तर हे कसं करायचं, ते कसं करायचं? बुधवारी आणि शुक्रवारी अंघोळ केली तर चालेल का, ग्रीक नको म्हणतात. लढाईला जाताना आम्ही निशाण म्हणून घोड्याची शेपटी धरतो, आता काय धरू? मी एकटाच टेबलावर बसून जेवतो, बायकोलाही जवळ बसवत नाही, हे बरं का? डोक्याला फडकं बांधून चर्चमध्ये यावं का? आणि, आम्ही तुमानी घालतो, त्या घातल्या तर चालतील का?

"तुमानी?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे पॅन्ट. विजार."

"चड्डी घालू का म्हून पोपला इचारलं?"

त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. शेजारणीला हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी बसच्या रांगेत उभा होतो तर बाजाराला निघालेल्या तीन बायका टोपल्या डोक्यावर घेऊन मला विचारतायत, "काय रं मास्तर, तुझ्या राजानं आज घातली का न्हाय?" कॉलेजचं अजून काही नव्हतं, पण कोळीवाड्यात मी त्या आठवड्यात मास्तर झालो.

मी मात्र थोडा नाराज होतो. म्हटलं, "मावशी, मोठा राजा होता तो. लोक हसतील असं मी सांगणार नाही. तुमानीचा मुद्दा गाळतो."

त्यांनी मान हलवली. "गालू नको. बग, ज्येला घरात यायचा नसतो तो दारातून गोड बोलतो, जातो. ज्येला खरोखर आत यायचा, तोच इचारतो, चपला कुठं काढू?"

मी हे वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, "ह्ये काय लिवतोस? ह्ये काय पुस्तकात हाय?" मी म्हटलं, नाही, म्हणूनच लिहितोय.

आता अडचण अशी की त्याच वेळी घरात लग्न होतं. मावशींच्या मुलाचं. शुक्रवारी मांडव, शनिवारी उंबराचं पाणी, रविवारी चर्चमध्ये लग्न, आणि सोमवारी माझं लेक्चर. मी म्हटलं, मी खोलीत बसून अभ्यास करीन. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच म्हटलं, "येतो, येतो."

पण मी कधी ख्रिस्ती लग्नाला गेलो नव्हतो. चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही बौद्ध, गावाकडे विहारात चपला बाहेर काढायच्या, खाली बसायचं, वंदना म्हणायची, एवढं ठाऊक. तिथे काय करायचं? चूक झाली तर मावशींची मान खाली जाईल, ही मला खरोखर भीती होती. म्हणून शुक्रवारी गोडाऊनमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी रद्द झालेल्या चलानांच्या गुलाबी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर माझे प्रश्न लिहिले. कागद वाया जाऊ नये म्हणून माझ्या सगळ्याच नोट्स मी अशा गुलाबी कागदांवर लिहीत असे.

संध्याकाळी घरी आलो तर मांडवात वीसेक बायका गोल बसून फुग्यांचं पीठ मळत होत्या. फुगे म्हणजे त्यांच्या लग्नातला तळलेला, फुललेला, पोकळ गोळा. गरम असताना बोटं भाजतात आणि तरी हात थांबत नाही. मावशींचे हात कोपरापर्यंत पिठात. मी कागद काढून विचारलं, "मावशी, बूट काढून आत यायचं?"

"घालून ये."

"सगळे गुडघ्यावर बसतील तेव्हा मी काय करू?"

"उभा राव. न्हायतर बस. तुझे गुडघे, तू बग."

"प्रसादासारखी ती पांढरी चकती देतात, त्या रांगेत उभं राहायचं?"

"ती नको. ती आमची. तू जागेवर बस. तुला मी केक जास्ती देईन."

"डुकराचं मटण कुठल्या पातेल्यात असेल? मी आईला शब्द दिलाय."

"काळ्या. बाकी कोंबडी हाय, सुरमई हाय. देव काय तुझ्या ताटात बघत न्हाय बसला, आईचा शब्द पाळ."

"आणि बँडसमोर मी नाचलं तर चालेल का? म्हणजे, मी घरचा नाही..."

तेव्हा एक म्हातारी पिठाचा गोळा तसाच हातात धरून ओरडली, "अगो, ह्यो तर तुमानीचा राजा!"

मांडव हसण्यानं हलला. मी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की हो, खरंच. मी आणि तो बल्गेरियाचा राजा एकाच दारात उभे होतो.

शनिवारी उंबराचं पाणी. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, ही त्यांची चर्चच्याही आधीपासूनची रीत. पुढे ब्रास बँड, मागे ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर कळशा, गाणी. विहिरीपाशी नारळ, तांदूळ, आणि सगळ्यांची इतकी ढकलाढकली की कोण नवरा आणि कोण वऱ्हाडी कळेना. मी कडेला उभा होतो. मावशींनी एक भरलेली कळशी उचलून माझ्या खांद्यावर दिली. "चल. पाणी वाहाय येतं न्हा?" पाणी वाहायला मला चांगलं येत होतं, हिंगोलीकडचा माणूस आहे. मी निघालो तो बँडच्या पुढे गेलो, बँडवाल्यानं माझ्या कानाशी तुतारीसारखं काहीतरी फुंकलं, मी दचकलो, अर्धी कळशी माझ्या डोक्यावर. बायका ओरडल्या, "राजाचा बाप्तिस्मा झाला!" आणि मग मी नाचलो. ओला, कळशीसकट. त्या गल्लीत मी किती वेळ नाचलो मला आठवत नाही. कळशी पोचली तेव्हा तिच्यात तळाला दोन तांबे पाणी होतं, आणि मावशी म्हणाल्या, पुरेल.

रविवारी चर्चमध्ये मी एकही चूक केली नाही. बूट घालून गेलो, चकतीच्या रांगेत गेलो नाही, केक खरंच जास्त मिळाला.

सोमवारी सकाळी मावशींनी मुलाचा कोट आणून दिला. लग्नात मी तोच घातला होता, नवऱ्याचा आधीचा, बाह्या बोटभर लांब. "ह्यो घाल. तुला शोभतो." मी माझे गुलाबी कागद खिशात कोंबले आणि बस पकडली.

कॉलेजचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची चाळीसेक मुलं-मुली आणून बसवलेली. मागच्या बाकावर तिघं: प्राचार्य, विभागप्रमुख बाई आणि बाहेरून बोलावलेले एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक. माझ्या आधी जो उमेदवार बोलून गेला त्याचं इंग्रजी मी दाराबाहेरून ऐकलं होतं. इतकं सुंदर होतं की मी घरीच जाणार होतो.

मी सुरुवात कारणांपासून केली. राजकीय, आर्थिक. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या तळहातावर पेनानं मेंदीची नक्षी काढू लागली. तिसऱ्या बाकावरचा मुलगा डोळे उघडे ठेवून झोपला. ही कला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मागे विभागप्रमुख बाईंनी घड्याळ बघितलं. मी कारणं तिथेच टाकली, खिशातून कागद काढले आणि म्हटलं, "आता बल्गेरियाच्या राजानं पोपला काय विचारलं, ते सांगतो."

अंघोळीचा प्रश्न वाचला. दोन-चार माना वर झाल्या. घोड्याच्या शेपटीचा वाचला. तुमानीचा वाचला तर झोपलेला मुलगा ताठ बसला.

"सर, सच में पैंट का पूछा?"

"सच में."

"मग पोप काय बोलला?"

"घाला किंवा नका घालू, म्हणाला. त्यानं काही पुण्य वाढत नाही आणि काही बिघडत नाही."

"एकदम सही," तो म्हणाला आणि वर्ग हसला. मी इतका खूश झालो की खालचा कागद वर घेऊन भराभर पुढचे प्रश्न वाचू लागलो. सगळे गुडघ्यावर बसतील तेव्हा मी काय करू? मुलं ऐकत होती. ती पांढरी चकती देतात त्या रांगेत उभं राहायचं का? मेंदीवाली मुलगी हे वहीत लिहून घेत होती. डुकराचं मटण कुठल्या पातेल्यात असेल? बँडसमोर मी नाचलं तर चालेल का?

"एक मिनिट," मागून पांढऱ्या केसांचे प्राध्यापक म्हणाले. "बल्गेरियाच्या राजाकडे बँड होता?"

मी कागदाकडे बघितलं. तो शुक्रवारचा कागद होता. रविवारी चर्चला जाताना कोटाच्या खिशात टाकलेला, तिथेच राहिलेला.

फिरणारी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर एक गोल फिरून गेली. खोटं बोलायचं सुचलं असतं तर कदाचित बोललोही असतो, पण सुचलं नाही.

"नाही सर," मी म्हटलं. "हे प्रश्न माझे आहेत. काल आमच्या घरमालकिणीच्या मुलाचं लग्न होतं. मी कधी चर्चमध्ये गेलो नव्हतो. म्हणून लिहून विचारले. कागद बदलला."

आधी कोण हसलं माहीत नाही. मला वाटतं प्राचार्यच. मग जो काही गोंधळ झाला! विभागप्रमुख बाई रुमालानं डोळे पुसत म्हणाल्या, "अहो पण मग राजाचे कुठले आणि तुमचे कुठले?"

"अंघोळ, शेपटी, तुमानी राजाचं. गुडघे, चकती, मटण, बँड माझं."

"आणि तुमच्या पोपनं काय उत्तरं दिली?" प्राध्यापकांनी विचारलं.

मी सगळी दिली. तुझे गुडघे तू बघ, हे ऐकून प्राध्यापकांनी बाकावर थाप मारली. "रोमचं उत्तर यापेक्षा फार वेगळं नव्हतं," म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "पण मला सांगा, याला बाप्तिस्मा ग्रीकांनी दिला होता. मग हा रोमला का विचारतो?"

हे मला येत होतं. मी म्हटलं, "सर, त्याला स्वतःचा धर्मगुरू हवा होता, दुसऱ्याच्या हाताखालचा नको. ग्रीक ऐकेनात म्हणून त्यानं रोमशी बोलणं लावलं. भाईंदरच्या बाजारात दोन व्यापारी समोरासमोर उभे केले की कोळीण जिंकते. पण तेवढंच असतं तर त्यानं तुमानीचं विचारलं नसतं. सौद्यासाठी दोन प्रश्न पुरतात. शंभर विचारतो तो खरंच आत यायला निघालेला असतो." आणि मग मावशींचं चपलांचं वाक्य सांगितलं, त्यांचं आहे असं सांगून.

त्याच भरात पुढचंही बोलून गेलो. म्हटलं, माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आमच्याही घरात असे प्रश्न पडले होते, वडील सांगतात. लग्नात मुंडावळ्या बांधायच्या का? लेकराला दृष्ट लागली तर मीठमोहऱ्या ओवाळायच्या का? विचारायला जवळ कोणी नव्हतं. आजोबा म्हणाले, बंद. आजी म्हणाली, बंद तर बंद, पण दृष्टीला कोणी सांगितलंय का की आपण आता बौद्ध झालो? बरीच वर्षं हे भांडण चाललं, आणि दोघंही मनापासून बौद्ध होते.

यावर वर्ग हसला ते वेगळं हसला. मेंदीवाल्या मुलीनं हात वर केला. "सर, आम्ही मीरा रोडला नवीन आलो ना, तेव्हा अम्मीनं समोरच्या जैन आंटींना विचारलेलं, हमारे किचन की खिड़की आपकी तरफ़ है, किस दिन क्या पकाएँ?"

"मग?"

"आंटी बोली, खिड़की बंद करके कुछ भी पकाओ, और शीरकुर्मा हो तो खोल दो."

घंटा झाली. कोणी उठेना. प्राचार्यांना दोनदा सांगावं लागलं.

बाहेर बाई एवढंच म्हणाल्या, "कळवू." मी हो म्हटलं. तो इंग्रजी बोलणारा उमेदवार जिन्यात भेटला, त्यानं विचारलं, "आत इतकं काय हसत होते?" मी म्हटलं, माझ्यावरच.

मावशींना सगळं सांगितलं. कागद बदलला हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग पुन्हा सांगायला लावलं, आणि पुन्हा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पत्र नाही. मावशी रोज विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या, ते जास्त जड गेलं. एप्रिलच्या शेवटी मामानं सुपरवायझरचं पुन्हा काढलं. मी म्हटलं, बहिणीच्या लग्नाला गावी चाललोय, आलो की सांगतो. मनात उत्तर ठरलेलं होतं. मी खुर्चीत बसणार होतो.

गावाहून मावशींना पाठवलेलं पत्र त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं. पुढे त्यांच्या सुनेनं मला ते उतरवून घेऊ दिलं. ते असं:

मावशी,

तुम्हाला फोन करायचा होता, पण तुमच्या शेजारच्या दुकानात केला असता तर तुमच्याआधी सगळ्या गल्लीला कळलं असतं, आणि मला आधी तुम्हाला सांगायचं आहे.

मला घेतलं. कॉलेजचं पत्र या वेळी गावच्या पत्त्यावर आलं, अर्जात कायमचा पत्ता म्हणून मी हाच दिला होता. बहिणीच्या हळदीच्या दिवशी आलं. पोस्टमन मांडवात येऊन उभा राहिला, त्याला वाटलं लग्नाचं काही असेल. मी पाकीट फोडलं आणि मला वाचता येईना. मराठीतच होतं, तरी येईना. शेवटी वडिलांनी माझ्या हातातून घेतलं आणि ते मोठ्यानं वाचलं, अगदी सावकाश, शाळेत सूचना वाचतात तसं. 'अधिव्याख्याता' या शब्दापाशी दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा बरोबर म्हटला, आणि मग तो एकच शब्द चार-पाच वेळा म्हणत बसले. आईला वाटलं मला परदेशी नेतायत. तिची समजूत घालायला वेळ लागला. बहीण म्हणते, माझ्या हळदीला सगळे तुझंच बोलत होते, हे मी विसरणार नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं की हजर व्हायचं आहे. मामाला मी आजच कळवलं की खुर्ची दुसऱ्याला द्या.

मावशी, तुम्ही मला काय शिकवलंत ते मला नीट लिहिता येत नाही. मी आधी जे बोलायचो ते ऐकणाऱ्याला जागं ठेवायचं नाही, आणि मला वाटायचं ज्ञान असंच असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी राजाची आई विचारलीत. पहिल्या पगाराच्या आधी, पहिल्या तासाच्याही आधी मला तुमच्या पाया पडायचं आहे. तुम्ही पडू देत नाही हे ठाऊक आहे. तरी पडणार.

माझी खोली नव्या जोडप्याला दिली असेल तर संकोच करू नका. मी पडवीत राहीन, किंवा शेजारी कुठे मिळाली तर बघून ठेवा. लांब नको.

आणखी एक. वडील माझ्याबरोबर येतायत. मला कॉलेजच्या दारापर्यंत सोडायचं म्हणतात. सोडायला हिंगोलीहून भाईंदरला कोण येतं, असं मी म्हटलं, पण त्यांनी नवं धोतर घेतलं आहे, आता ऐकणार नाहीत. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस ठेवून घ्याल का? फार लाजरे आहेत. जेवायला वाढाल तेव्हा पहिल्यांदा नको म्हणतील, दुसऱ्यांदाही म्हणतील. तुम्ही तिसऱ्यांदा विचारू नका, सरळ वाढा.

तुमचा,
खोलीवाला